आगाऊ नवस

‘सिसेल फिरली’ असं दुकानात कुणी नुसतं पुटपुटलं तरी बायका हातातलं पीठ-साखर तिथंच ठेवून धक्क्याकडे धावत सुटायच्या आणि होडीत चढलेल्या नवऱ्याला बखोटीला धरून खाली उतरवायच्या. नवरे चारचौघांत कुरकुर करायचे, "बायकांच्या खुळापायी उपाशी मरायचो एक दिवस," वगैरे म्हणायचे, पण उतरायचे. दुपार व्हायच्या आत नैर्ऋत्येकडून असा वारा सुटायचा की कोंबड्यासुद्धा चालायचं सोडून सरपटायला लागायच्या.

ही फिरणारी सिसेल म्हणजे बाई नव्हे. ते आमच्या चर्चमध्ये टांगलेलं एक जहाज. सिसेल नावाची बाईही होती, आणि गोष्ट तिचीच आहे. पण ती फिरणाऱ्यातली नव्हती. उभ्या जन्मात ती समोरच्या किनाऱ्यावरच्या बाजारापलीकडे गेली नाही, आणि तिथूनही दर वेळी "गर्दी फार बाई" म्हणत संध्याकाळच्या होडीनं परत आली. चर्च झाडायचं, मेणबत्त्या लावायच्या, घंटा वाजवायची आणि भिंतीवरच्या पाटीवर त्या रविवारच्या गीतांचे आकडे अडकवायचे, हे तिचं काम. नजर अधू झाल्यापासून कधी सहाच्या जागी उलटा नऊ लागायचा, आणि मंडळी बाप्तिस्म्याच्या दिवशी मर्तिकाचं गीत शेवटच्या कडव्यापर्यंत भक्तिभावानं म्हणून मोकळी व्हायची.

बेटाच्या बोलीत चर्चच्या मधल्या दालनाला ‘जहाज’ म्हणतात. का म्हणतात ते विद्वानांना विचारावं. इथल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. छत आतून पालथ्या घातलेल्या गलबतासारखं दिसतं, आणि बाकांवर बसलेली माणसं वल्ही हरवलेल्या खलाशांसारखी. या मोठ्या जहाजाच्या पोटात नऊ लहान जहाजं टांगलेली. सगळी नवसाची. यातून वाचलो तर तुला जहाज देईन, असं दर्यावर कुणीतरी ओरडून सांगितलेलं असायचं, आणि मग घरी परतल्यावर हिवाळाभर चुलीशी बसून ते कोरलेलं असायचं. कला म्हणून पाहायला गेलं तर सगळा आनंद. खालून बघणाऱ्याला दिसाव्यात म्हणून डोलकाठ्या नको तेवढ्या उंच. मीठ वाहणाऱ्या गरीब गलबताला दोन्ही अंगांना तोफा, का, तर देवाला जरा बरं वाटावं. एका जहाजावर तांडेलापेक्षा कोंबडा मोठा आहे. पण ज्या हातांनी तो कोंबडा कोरला ते हात नुकतेच मरणाच्या दाढेतून बाहेर आलेले होते, हे कळलं की त्याला हसवत नाही.

या सगळ्या जहाजांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वेदीकडे. ती घरी पोचलेली जहाजं. ‘पोचणं’ हा शब्द आमच्याकडे जपून वापरतात. दर्यावर माणूस गेला तर ‘बुडाला’ म्हणत नाहीत, ‘पोचला’ म्हणतात. सर्व संतांच्या रविवारी पाळक वेदीसमोर उभे राहून अशा पोचलेल्यांची नावं वाचतात. ज्यांना माती मिळाली नाही त्यांना निदान उच्चार तरी मिळावा, ही बेटाची आपली रीत.

सिसेलच्या नवऱ्याचं, एस्बेनचं नाव त्यात कधी आलं नव्हतं. युद्धाच्या आदल्या वर्षी तो गेला त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली होती. तो, त्याचं गलबत, त्यावरची सगळी माणसं. एक फळीसुद्धा कुठं लागली नाही. बाकीच्यांच्या बायकांनी वर्ष-दोन वर्षांत डोळे पुसून नावं दिली. सिसेलनं दिलं नाही. दर वर्षी पाळक विचारायचे, आणि ती हातातला झाडू भिंतीला टेकवून सांगायची, "तो यायचाय अजून." पाळक बदलत गेले, उत्तर बदललं नाही.

याला कारण ते जहाज.

एस्बेन हा जात्याच आगाऊ. लोकांनी संकटातून सुटल्यावर नवस फेडावा. यानं निघायच्या आधीच फेडून टाकला. शेवटच्या सफरीच्या आदल्या हिवाळ्यात त्यानं जहाज कोरलं, त्याला बायकोचं नाव दिलं, आणि वसंतात निघायच्या आठवड्यात ते चर्चमध्ये नेऊन टांगलं. गावानं तोंडात बोट घातलं. "अरे, असं कुठं असतं का? सुताराला आगाऊ दिलं की सुतार येत नाही, आणि तू देवाला आगाऊ देतोस?" असं त्याला लाउस्टनं धक्क्यावर सगळ्यांदेखत सुनावलं होतं. लाउस्ट म्हणजे आमचा जुना तांडेल. तेव्हा त्याला केस होते. एस्बेन हसला. "देव सुतारच होता की," म्हणाला. सगळे हसले. मग तो गेला, आणि तो विनोद तेवढा बेटावर राहिला. कुणालाच तो पुन्हा सांगवेना.

शिवाय टांगताना त्यानं आणखी एक आगाऊपणा केला. बाकीची आठ जहाजं लोखंडी गजांवर पक्की. हा म्हणाला, "गजावर डुक्कर टांगतात. जहाजाला दोरच पाहिजे." आणि त्यानं चांगला डांबर प्यायलेला तागाचा दोर आणून, छताच्या तुळईला आपल्या हातानं गाठ मारून ते टांगलं. आता तागाचा धर्म असा, की हवा दमट झाली की तो पीळ घेतो. नैर्ऋत्येचं वादळ निघायच्या आधी दमटपणा चर्चमध्ये शिरतो, दोर पीळ घेतो, आणि वेदीकडे नाळ करून असलेलं जहाज हळूहळू, कुणाच्या डोळ्यांदेखत नव्हे, पण नक्की, दाराकडे तोंड करतं. निघाल्यासारखं. किंवा कुणी येतंय का ते पाहिल्यासारखं.

हे कारण बेटावर शेंबड्या पोराला ठाऊक होतं. कारण कळलं की भीती जाते, असं म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे एक हिवाळा काढून पाहावा.

सिसेललाही कारण ठाऊक होतं. दर शनिवारी ती मेणबत्त्या पेटवायच्या लांब काठीनं जहाजाची नाळ वेदीकडे वळवायची. "चल, सरळ हो. उद्या लोक येणारेत," असं त्याला म्हणायची, जसं मळका सदरा घालून बसलेल्या नवऱ्याला म्हणावं. पण वादळानंतरच्या सकाळी चर्चचं दार उघडताना ती आधी वर बघायची नाही, खाली बघायची. दाराच्या फटीतून वारा बारीक वाळू आत आणायचा, आणि त्या वाळूच्या रेघा फरशीवर उमटायच्या. कुणीतरी ओल्या बुटांनी पाय ओढत गेल्यासारख्या. त्या रेघा दारापासून निघायच्या आणि बरोबर जहाजाच्या खाली येऊन थांबायच्या. तिथं फरशी खोलगट आहे, हे तिला झाडून झाडून पाठ होतं. तरी ती त्या रेघा झाडताना दुसरीकडे बघायची. आणि झाडून झाल्यावर सुपलीतली वाळू बाहेर फेकायची नाही. चर्चच्या भिंतीकडेला, वारा लागणार नाही अशा जागी, वाकून हळूच ओतायची.

या बाबतीत तिला कुणी काही बोलत नसे. एक आबेलोने सोडून. आबेलोने शेजारीण, बालमैत्रीण आणि बेटावरची सर्वांत लांब जीभ. "अगं, नवरा वळणावर आणायचा तर जिवंतपणी आणायचा," ती म्हणायची. "माझा बघ. काठीसुद्धा लागत नाही. नुसतं खाकरले की वळतो."

तर असं सगळं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण योनावरच्या, म्हणजे माशानं गिळलेल्या त्या संदेष्ट्यावरच्या, उपदेशाच्या रविवारी घोटाळा झाला.

पाळक होयरुप नवीन होते. सोनेरी चष्मा, कोवळी दाढी, जुन्या चित्रांचं आणि जुन्या देवळांचं वेड. तरुणपणी रोमपर्यंत पायी जाऊन आले होते, आणि बोलण्यात रोम आलं की ते अर्धा तास हलत नसे. मंडळीला ते आवडत. फक्त इतकं चालून गेलेला माणूस शेवटी इथं का आला, हे कुणाला कळत नव्हतं. त्या रविवारी ते माशाच्या पोटातल्या काळोखाचं वर्णन फार सुंदर करत होते. लाउस्ट, आता पार टकला आणि चर्चच्या मंडळाचा मुख्य, पुरुषांच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, नेहमीच्या बाकावर झोपला होता. पुरुषांनी उजवीकडे आणि बायकांनी डावीकडे बसायचा नियम केव्हाच गेला; बूड मात्र तिकडेच वळतं. योना आता बाहेर पडणार, इतक्यात वरून ‘सिसेल’चा पितळी नांगर सुटला आणि लाउस्टच्या टकलावर पडला.

"सगळे डेकवर!" लाउस्ट ताडकन उभा राहून गरजला. आणि खरं सांगायचं तर निम्मे पुरुष उभे राहिलेच.

हसू ओसरल्यावर शिडी आली. लाउस्टचा जावई वर चढला आणि दोर बघून खाली आला. तीन पदरांपैकी दोन तुटले होते. इतकं जड जहाज एका पदरावर लटकत होतं, आणि त्याखाली दर रविवारी माणसं बसत होती.

मंडळानं तिथल्या तिथं ठरवलं: पोलादी तार. वर एक, मागे एक. म्हणजे पडायचं नाही आणि फिरायचंही नाही. नाळ कायमची वेदीकडे.

सिसेल तिच्या बाकाशी उभी होती. ती म्हणाली, "त्याला कुणी हात लावायचा नाही." आणि आकड्यांची पाटी पुसायला निघून गेली. पाटी पुसायची नसते.

दुसऱ्या दिवशी पाळक होयरुप तिच्या स्वयंपाकघरात आले. तिनं कॉफी ठेवली, सुकवलेली मासळी तव्यावर परतून राय धान्याच्या पावाबरोबर पुढे केली. पाळकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, मग टेबलावर, मग परत गुडघ्यावर.

"सिसेलबाई, मला तुमचं जहाज बाकी सगळ्यांपेक्षा आवडतं," ते म्हणाले. "आठ जहाजं पोचलेली. एक तेवढं अजून प्रवासात. चर्चमध्ये असं एखादं असावं. आपण काय, सगळे पोचलेलेच थोडे आहोत?"

"मग राहू द्या की तसंच."

"खाली माणसं बसतात हो."

"तिथलं बाक सरकवा."

"लाउस्ट सरकेल?"

सिसेलला हसू आलं, आणि तिथंच तिचा धीर सुटला. ती टेबलावरून हात फिरवत राहिली. बराच वेळ फिरवत राहिली.

"इथं होतं ते," ती म्हणाली. "ह्या टेबलावर. सबंध हिवाळा. लाकडाचा भुसा पिठात, डांबराचा वास लोण्यात. जेवायचं कुठं तर मांडीवर ताट घेऊन. मी एक दिवस ओरडले, पाळकसाहेब. म्हटलं, हे धूड माझ्या घरातून हलव, नाहीतर मी हलते. तो म्हणाला, अगं, परत आल्यावर द्यायचंय देवाला, तोवर कुठं ठेवू? मी म्हटलं, आत्ताच दे ना मग! देवाचं घर मोठं आहे, माझं नाही."

चुलीवर किटली वाजायला लागली. ती उतरवायला कुणी उठलं नाही.

"लोक त्याला आगाऊ म्हणतात. नवस आगाऊ त्यानं नाही दिला. मी द्यायला लावला. एवढ्या टेबलासाठी." तिनं टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. "देवाला त्याचं मिळून गेलं होतं. मग त्यानं परत कशाला पाठवावा?"

पाळक होयरुप चांगले माणूस होते. ‘छे छे, असं काही नसतं’ असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "बेथानी गावात एका बाईनं प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेलाची सबंध कुपी ओतली होती. बसलेले लोक चिडले. ही काय वेळ आहे, म्हणाले. प्रभू म्हणाला, तिला त्रास देऊ नका. तिनं माझ्या शरीराला उत्तरकार्यासाठी आगाऊच तेल लावलं आहे. आगाऊ दिलेलंही तो घेतो, बाई. वेळ चुकली म्हणून नाकारत नाही."

सिसेलनं मान वर केली. "म्हणजे एस्बेननं काय केलं? स्वतःचं उत्तरकार्य?"

पाळकांचा चेहरा उतरला. समजूत घालायला निघालेला माणूस भलत्याच खोलीत शिरला होता. "मला तसं म्हणायचं नव्हतं," ते पुटपुटले.

"पण ते तसंच आहे," सिसेल म्हणाली. "माती तर त्याला मिळाली नाही. जे काही झालं ते त्या टांगण्यातच झालं. आपल्या हातानं केलं त्यानं. गाणं म्हणत होता वर शिडीवर." मग तिनं किटली उतरवली आणि पाळकांच्या भरलेल्या पेल्यात आणखी कॉफी ओतली, ती बशीत सांडली, तरी दोघांनी पाहिली नाही.

त्या रात्री तिला झोप लागली की नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सकाळी आबेलोनेच्या खिडकीवर टकटक झाली.

"शिडी धरायला चल."

"कुणाची?"

"माझी."

आबेलोने पायांत मोजे घालत घालत बोलत राहिली. "साठी उलटली बाई तुझी. वरून पडलीस तर माझ्यावर पडू नकोस हं, मला अजून दोन सुना बघायच्यात." पण आली. चर्चमध्ये लाउस्ट आणि पाळक तारेचं वेटोळं घेऊन आधीच उभे होते. लाउस्टच्या हातात उघडी सुरी.

"कापायची नाही," सिसेल म्हणाली. "गाठ त्याची आहे. सोडवायची."

"सोडवायची!" लाउस्ट म्हणाला. "परवा जावयानं बोटं लावून पाहिली, मी सांगितलं तसं केलं त्यानं. ती गाठ नाही, शाप आहे. जगातल्या सगळ्या गाठी येतात मला."

"तुला उजव्या हाताच्या येतात. एस्बेन डावरा होता."

लाउस्टनं सुरी खाली ठेवली. पंचवीस वर्षांत ही गोष्ट तो विसरून गेला होता. गावही विसरलं होतं. थंडीच्या दिवसांत दर्यावरून आलेल्या नवऱ्याच्या गोठलेल्या बोटांऐवजी आपल्या बोटांनी त्याच्या बुटांच्या, अंगरख्याच्या उलट्या गाठी जिनं सोडवल्या होत्या, तिच्या बोटांत तेवढी ती शिल्लक होती.

लाउस्ट आणि पाळकांनी जहाज खालून दोन काठ्यांवर तोललं. सिसेल चढली. आबेलोने शिडी धरून, वर न बघता, अखंड बोलत होती, कारण बोलणं थांबलं की तिला रडू आलं असतं. "धुळीत काही राहिलंय का बघ वर. झाडतेस कसली तू, सगळं वरच ढकलतेस..."

सिसेलनं तुळईवर दोन्ही हात टेकले. गाठ काळी, दगडासारखी. तिनं डोळे मिटले. डोळे उघडे असले की उजवा हात पुढे धावतो. डाव्या बोटांनी शेवटचा वेढा शोधला, तो आत ढकलला, आपल्याकडे न ओढता पलीकडे ढकलला, जसा तो बुटाचा ढकलायची. काही हललं नाही. मग हललं.

दोर उलगडला तेव्हा ती गाठीच्या आत बघत राहिली. बाहेरून काळाठिक्कर, कुजलेला. पण जिथं उजेड कधी पोचला नव्हता तिथं दोर पिवळाधमक होता, कालच दुकानातून आणल्यासारखा. त्याला ताज्या डांबराचा वास येत होता. आणि तो ओला होता. जरासा, तळव्याला घाम यावा तितकाच. शेवटचा हात एस्बेनचा लागला होता तिथं.

"काय गं?" खालून आबेलोने म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही," सिसेल म्हणाली. "हात गार आहेत त्याचे."

लाउस्टनं नंतर सांगितलं की त्याच्या हातातली काठी तेव्हा एकदम हलकी झाली. पण लाउस्ट पुष्कळ गोष्टी नंतर सांगतो.

तार लागली. वर एक, मागे एक. जहाजाची नाळ वेदीकडे. सिसेल खाली उतरली, हात पदराला पुसावेत तसे आपल्या एप्रनला पुसले आणि पाळकांना म्हणाली, "येत्या सर्व संतांच्या रविवारी नाव वाचा. एस्बेन मॅस्ट्रुप. नीट वाचा. मागच्या पाळकांना आमच्याकडची नावं यायची नाहीत, चावून टाकायचे."

त्या रविवारी चर्च भरलं. एरवी जे नाताळलाच दिसतात तेही आले. बाहेर सकाळपासून वारा सुटला होता, समुद्र टेकाडापलीकडे दळण दळत होता, आणि आत दमट गारठा. जो तो मान वर करून जहाजाकडे बघत होता. अशा हवेत ते एव्हाना फिरायला हवं होतं. ते फिरत नव्हतं. पोलादाला हवेचं काही कळत नाही. आठ जहाजांसारखंच ते नववं, सरळ, गप्प, कोंबड्याच्या जहाजाशेजारी. बायकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. ओळखीच्या माणसानं बघूनही ओळख देऊ नये, तसं.

सिसेल डावीकडे पहिल्या बाकावर, हात मांडीवर. डावा वर, उजवा खाली. आत काय होईल याची तिनं रात्रभर तयारी केली होती. रडू येईल, किंवा हलकं वाटेल. यातलं काही येत नव्हतं. कान तेवढे मोठे झाल्यासारखे वाटत होते.

पाळकांनी नावं वाचायला घेतली. जुनी, ओळखीची, दर वर्षीची. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचं. तेवढ्यात कुणाच्या तरी बाकाची फळी करकरायची. मग ते थांबले, चष्मा सारखा केला, आणि जीभ नीट टाळ्याला लावून म्हणाले,

"एस्बेन मॅस्ट्रुप."

आणि दाराची कडी वाजली.

वारा होता. सगळ्यांना ठाऊक होतं की वारा आहे. ती कडी सैल आहे, वाऱ्यात ती दर हिवाळ्यात वाजते, मंडळाच्या बैठकीत तिच्यावर तीनदा चर्चा झालेली आहे. तरी सबंध चर्चच्या माना एकदम मागे वळल्या. डावीकडच्या, उजवीकडच्या; दोन सुना बघायच्या राहिलेल्या आबेलोनेची; रोमला पायी जाऊन आलेल्या पाळकांची तर नजर आधीपासून तिकडेच होती. वरचं लहान जहाज वेदीकडे नाळ करून निश्चल उभं होतं, आणि त्याच्याखालचं मोठं, माणसांनी भरलेलं जहाज, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाराकडे फिरलं होतं.

कडी पुन्हा वाजली.

दार बघायचं काम चर्चच्या सेवकाचं. सिसेल उठली. मधल्या वाटेनं ती चालत गेली. घाईनं नाही, हळू नाही, घरात कुणी आलं की स्वयंपाकघरातून दारापर्यंत जावं तशी. तिनं कडी काढली आणि दार उघडलं.

कुणी नव्हतं. खारा पाऊस, आडवा. दफनभूमीची भिंत, आणि तिच्यामागे करडं, हलणारं सगळं. मेणबत्त्या विझता विझता वाचल्या. पण तिनं दार लगेच लावलं नाही. ती बाजूला सरकली, पाठ दाराच्या फळीला लावून, आणि हातानं दार धरून उभी राहिली. पायपुसण्यावर बूट घासून एका माणसाला आत यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ. मग तिनं दार लोटलं, कडी घातली आणि फरशीकडे न बघता आपल्या जागेवर परत आली.

पाळकांच्या ओठांवर पुढचं नाव तसंच राहिलं होतं.

शेजारी बसलेली आबेलोने कलली आणि सिसेलच्या कानात म्हणाली, "पाय पुसले का नीट?"

"पुसले," सिसेल म्हणाली. आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं येऊ दिलं.

तेव्हा उजवीकडे पुरुषांच्या बाजूला बाक करकरलं. गुडघा धरून, धापा टाकत, पण कुणाकडेही न बघता, लाउस्ट जरा आत सरकला. भिंतीपर्यंत सरकला, आणि वाटेकडेची जागा रिकामी ठेवून, हात जोडून, समोर वेदीकडे बघत बसला.